गाईला वैरण मिळाली, मुलींना वह्या नाहीत : आमच्या गावातील एका विश्वस्त मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष व सर्व विश्वस्त यांस,

स. न. वि. वि.

माझ्या अर्जाला आपण पाठवलेले तीन ओळींचे उत्तर पोहोचले. मी संस्थेचा सभासदही नाही आणि विश्वस्तही नाही, त्यामुळे हिशेब मागण्याचा माझा काही संबंध पोहोचत नाही, असे त्यात म्हटले आहे. त्याच आठवड्यात आपल्या सूचनाफलकावर एक ठराव लागला. बाजारतळाजवळच्या जागेवर आणखी दुकानगाळे काढावेत आणि त्यासाठी तेथील 'वापरात नसलेला' दगडी हौद काढून टाकावा, असा तो ठराव आहे. उत्तर आणि ठराव एका वेळी आले नसते तर कदाचित मी पुन्हा एक अर्ज करून वाट पाहिली असती. आता हे पत्र उघडपणे लिहीत आहे. संस्थेचे नाव मात्र लिहिलेले नाही, कारण गावात ते सर्वांना ठाऊक आहे आणि गावाबाहेरच्या वाचकाला आपापल्या गावातल्या संस्थेचा ताळेबंद पाहण्यासाठी त्या नावाची गरज नाही.

प्रथम माझा संबंध सांगतो. ज्या जागेबद्दल आपला ठराव आहे ती जागा आणि तिच्यासोबत ६०,००० रुपयांची ठेव माझ्या आत्याने १९९१ साली मृत्युपत्राने आपल्या संस्थेस दिली. ती येथील कन्याशाळेत शिक्षिका होती, तिने लग्न केले नाही, आणि त्या काळच्या पगारातून ही रक्कम तिने कशी बाजूला टाकली ते आमच्या घराने पाहिले आहे. मृत्युपत्रात तिने तीन गोष्टी लिहिल्या. ठेवीच्या व्याजातून गरजू मुलींना 'शिकायला जे लागेल ते' द्यावे. जागेवरचा हौद गुराढोरांसाठी रोज भरलेला असावा. आणि तिची गाय जिवंत असेपर्यंत तिला दाणा-वैरण मिळावी. कागद साधा, भाषा शाळेतल्या बाईंची, पण मोघम असा एकही शब्द त्यात नाही.

गाईपासून सुरुवात करतो, कारण तिन्ही गोष्टींपैकी तेवढी एकच शेवटपर्यंत पार पडली.

त्या वेळच्या मंडळातले एक विश्वस्त निवृत्त पोस्टमास्तर होते. गाईच्या खर्चासाठी त्यांनी एक वेगळी वही घातली होती आणि त्यांच्या पश्चात ती त्यांच्या घरच्यांनी माझ्याकडे आणून दिली. शंभर पानी वही आहे, निळ्या शाईतली. कडबा किती पेंढ्या, सरकी ढेप किती किलो, गुरांच्या डॉक्टरांची फी, पावसाळ्यात गोठ्यावर घातलेले पत्रे, सगळे तारीखवार. एका पानावर चार आण्यांची चूक सापडली म्हणून ती खोडून शेजारी सही केलेली आहे. शेवटची नोंद १९९८ सालची आहे : 'गाय गेली. खड्डा खणण्याची मजुरी ६० रु. उरलेली शिल्लक मुलींच्या निधीत जमा.' त्यानंतरची पाने कोरी आहेत.

आता यातली गंमत पाहा. या गाईसाठी पोस्टमास्तरांना कोर्टात खेचणे कोणालाही शक्य नव्हते. आपल्याकडे खासगी न्यासांना १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम लागू होतो आणि त्यात न्यास व्हायचा तर लाभार्थी लागतो. लाभार्थी कोण, तर मालमत्ता धारण करण्यास समर्थ अशी व्यक्ती. गाय त्यात बसत नाही. सर्वसाधारण मुक्या जनावरांसाठी केलेले दान धर्मादाय ठरू शकते, पण एका विशिष्ट, नाव असलेल्या जनावरासाठी ठेवलेल्या पैशाला समाजाच्या हिताचे दान म्हणता येत नाही. इंग्लंडातल्या न्यायालयांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. १८०४ साली तेथील न्यायाधीश सर विल्यम ग्रँट यांनी सांगितले की, न्यास म्हटला की ज्याच्या बाजूने न्यायालय हुकूम करू शकेल असे कोणीतरी असलेच पाहिजे. पुढे १८८९ साली डीन नावाच्या गृहस्थाच्या मृत्युपत्राचा खटला आला. त्याने आपले घोडे आणि शिकारी कुत्रे जिवंत असेपर्यंत, फार तर ५० वर्षे, त्यांच्यासाठी दरसाल ७५० पौंड ठेवले होते. न्यायालयाने ती व्यवस्था बेकायदा ठरवली नाही. विश्वस्तांनी ती पाळली तर पाळू द्यावी, पण न पाळली तर त्यांना भाग पाडणारा कोणी नाही, अशी तिची अवस्था राहिली. इंग्रजी कायद्यात अशा न्यासाला जे नाव पडले त्याचा शब्दशः अर्थ 'मानद न्यास' असा होतो. आपल्याकडे 'मानद' म्हटले की बिनपगारी चिटणीस डोळ्यांपुढे येतो, म्हणून मी त्याला शब्दावर सोडलेला न्यास म्हणेन. सांभाळणाऱ्याची सचोटी हीच त्याची हमी.

पोस्टमास्तरांनी हे निवाडे वाचले असतील असे मला वाटत नाही. ज्या कामाचा जाब कोणी विचारू शकत नव्हते ते त्यांनी सात वर्षे चार आण्यांपर्यंत हिशेब ठेवून केले, एवढे मात्र वहीत दिसते. उरलेली दोन कामे अशी आहेत की त्यांचा जाब कायदा विचारू शकतो. ती आपल्या मंडळाने सोडून दिली.

मुलींच्या निधीकडे वळतो. मी लेखापरीक्षण खात्यात २९ वर्षे नोकरी केली, त्यामुळे ताळेबंद वाचण्याची सवय सुटलेली नाही. धर्मादाय कार्यालयातून आपल्या हिशेबांच्या नकला रीतसर शुल्क भरून घेतल्या. सुरुवातीच्या ताळेबंदांत निर्दिष्ट, म्हणजे ठरावीक कामासाठीच राखलेल्या, निधींच्या खाली आत्याच्या नावाने एक ओळ आहे आणि रक्कम दरवर्षी थोडी थोडी वाढत गेली आहे. मग एका वर्षी ती ओळ नाहीशी होते. त्याच वर्षी 'इमारत निधी' बरोबर तेवढ्याच रकमेने फुगतो, आणि पुढच्या वर्षी सभागृहाच्या फरशीचा खर्च पडतो. सभागृह लग्नकार्यांना भाड्याने जाते. ते जावे, माझी हरकत नाही, फक्त ते मुलींच्या वह्यांच्या पैशातून बांधले जाऊ नये. हिशेबनिसाने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात केलेली ही एका ओळीची फिरवाफिरव आहे, पण सार्वजनिक न्यासाचा पैसा आणि मालमत्ता न्यासाच्या उद्दिष्टाखेरीज अन्य कारणासाठी वापरली गेली काय, या प्रश्नाचे उत्तर लेखापरीक्षकाने दरवर्षी आपल्या अहवालात द्यायचे असते. आपल्या अहवालात त्यापुढे दरवर्षी 'नाही' लिहिलेले आहे, त्या वर्षीही.

वह्यावाटप होतच नाही असे मी म्हणणार नाही. गेल्या जूनमध्ये झाले. शाळेतल्या ४० मुलींना प्रत्येकी दोन वह्या मिळाल्या आणि प्रत्येक वहीच्या मुखपृष्ठावर अध्यक्षमहोदयांचे छायाचित्र होते. छपाईचा खर्च कोणत्या खात्यातून पडला हे मला कळू शकलेले नाही.

आपल्यापैकी एका विश्वस्तांनी मला रस्त्यात भेटून सांगितले की, आता मुलींचे शिक्षण मोफत आहे, आठवीपर्यंतची पुस्तके सरकार देते, एस.टी.चा पासही फुकट मिळतो, मग जुना हेतू धरून बसण्यात काय अर्थ आहे. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही, त्यात तथ्य आहे. आत्याने मृत्युपत्र केले तेव्हाची गरज आणि आजची गरज एक नाही. पण नववी-दहावीची पुस्तके विकतच घ्यावी लागतात, दहावीच्या परीक्षेचे शुल्क भरावे लागते, कंपासपेटी आणि दप्तर कोणी देत नाही, आणि 'शिकायला जे लागेल ते' या शब्दांत हे सगळे येते. आणि हेतू खरोखरच कालबाह्य झाला असे क्षणभर धरले, तरी तसे ठरवण्याचा अधिकार आपल्या मंडळाला नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ५५ मध्ये यासाठी वाट घालून दिलेली आहे. मूळ उद्देश निष्फळ झाला असेल, किंवा उत्पन्न वापरले जात नसेल किंवा वापरले जाण्याची शक्यता नसेल, तर विश्वस्तांनी न्यायालयाकडे जाऊन निदेश घ्यायचे असतात. मूळ हेतूच्या जवळात जवळचा हेतू कोणता हे तेथे ठरते. सभागृहाची फरशी हा मुलींच्या शिक्षणाच्या जवळचा हेतू आहे असे कोणत्याही न्यायालयास पटवून देता येईल का, याचा आपणच विचार करावा.

दात्याचा शब्द वाचवण्यासाठी हा कायदा किती खाली वाकतो, हे विश्वस्त म्हणून आपणास ठाऊक असावे असे वाटते. 'धर्म' कार्यासाठी म्हणून ठेवलेले दान १८९९ साली रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई या मुंबईच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश अमदानीतल्या लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, रद्दबातल ठरवले. धर्म हा शब्द इतका मोघम आहे की न्यायालयाला त्याची अंमलबजावणी करता येणार नाही, असे कारण दिले गेले. आपल्या समाजात धर्मादाय म्हणून पैसा बाजूला काढणाऱ्या साध्या माणसाला तो निर्णय कधीच समजला नसता. १९५० च्या कायद्याने कलम १० मध्ये स्पष्टीकरण घालून ती अडचण दूर केली. धर्म, धर्मादाय, पुण्यकार्य किंवा पुण्यदान अशा शब्दांत केलेला सार्वजनिक न्यास केवळ त्याची उद्दिष्टे निश्चित करता येत नाहीत एवढ्याच कारणाने निरर्थक मानू नये, असे कायदा सांगतो. कलम ११ तर म्हणते की, काही उद्दिष्टे धर्मादाय आणि काही तशी नसली, म्हणून धर्मादाय भाग बुडत नाही. म्हणजे गाईची अट होती म्हणून मुलींची अटही ढिली होती, हा बचावही आपणास उपलब्ध नाही. 'पुण्यकार्य' एवढा एकच शब्द लिहिणाऱ्याचे दान जो कायदा सांभाळतो, त्याच्या राज्यात मुलींच्या शिक्षणापासून हौदापर्यंत सगळे नेमके लिहून ठेवणाऱ्या बाईचे दान मात्र एका ठरावाने पुसले जाते.

हौद. आपल्या ठरावात तो वापरात नाही असे लिहिले आहे. बाजाराला येणाऱ्या बैलगाड्या कमी झाल्या, हे खरे. पण हौदाचा नळ आपणच तोडला आणि सध्या त्यात गाळ्यांच्या डागडुजीसाठी आणलेली सिमेंटची पोती ठेवली आहेत. ज्यात पाणी नाही तो हौद वापरात कसा असेल? या एप्रिलमध्ये मेंढरांचा एक कळप त्या रस्त्याने चालला होता. पुढची मेंढरे सवयीने हौदाकडे वळली आणि कठड्याशी थांबून राहिली. मेंढपाळाच्या बायकोने समोरच्या चहावाल्याकडून दोन बादल्या पाणी मागून घमेल्यात ओतले. मी तेथेच उभा होतो. हे सांगून मला कोणाच्या डोळ्यांत पाणी आणायचे नाही, फक्त 'वापरात नाही' या दोन शब्दांची शहानिशा आपण जागेवर जाऊन केली होती का, एवढेच विचारायचे आहे.

गाळ्यांच्या बाबतीत थोडक्यात लिहितो. अकृषिक जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते, ती नसेल तर तो पट्टा वैध नाही. आपले जुने चारही गाळे दोन वर्षे अकरा महिन्यांच्या कराराने दिलेले आहेत आणि त्याच भाडेकरूंना, त्याच भाड्याने, प्रत्येक वेळी तेवढ्याच मुदतीसाठी पुन्हा दिले गेले आहेत. तीन वर्षांत एक महिना कमी ठेवण्याचे कारण समजायला वकील लागत नाही. ते कायद्यात बसते की नाही हे सक्षम अधिकारी ठरवतील. मला खटकते ते भाडे. शेजारच्या खासगी गाळ्याच्या निम्म्याने ते का, आणि त्यातला एक गाळा एका विश्वस्तांच्या मेहुण्यांकडे का, हे गावाला सांगितले पाहिजे. न्यासाचा कारभार साधारण शहाणा मनुष्य स्वतःचा कारभार जितक्या काळजीने करील तितक्या काळजीने विश्वस्ताने करावा, असे कलम ३६अ म्हणते. स्वतःच्या मालकीचा गाळा आपल्यापैकी कोणी निम्म्या भाड्याने दिला असता काय?

विश्वस्तांच्या नावांबद्दल तर लिहावे की नाही असे वाटले होते. नोंदवहीत, म्हणजे ज्याला आपण शेड्यूल वन म्हणतो त्यात, अजूनही अशी दोन नावे आहेत ज्यांच्या तेराव्याला मी स्वतः जेवून आलो आहे. बदल झाल्यापासून ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज दाखल करायचा असतो. तो झालेला नाही, पण त्या दोघांचे चिरंजीव मात्र बैठकांना बसतात आणि ठरावांवर सह्या करतात. विश्वस्तपद म्हणजे सातबाऱ्यावरची वारसनोंद नव्हे. अशा सह्यांनी झालेल्या ठरावांचे मोल काय, हा प्रश्न उद्या कोणी विचारला तर अडचण संस्थेची होईल.

आता आपल्या उत्तरातल्या 'संबंध' या शब्दाकडे येतो, कारण सगळे घोडे तेथेच पेंड खाते. आपण म्हणता ते पूर्ण चूक नाही. अधिनियमात 'हितसंबंध असलेली व्यक्ती' या संज्ञेची व्याख्या आहे. देवळाच्या बाबतीत तेथे दर्शनाला जाणारा भक्त तीत येतो, सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थेच्या बाबतीत सभासद येतो, आणि आपल्यासारख्या इतर न्यासांच्या बाबतीत विश्वस्त व लाभार्थी येतात. दात्याच्या वारसांचा तेथे नावानिशी उल्लेख नाही. एकदा दिले की दिले, हे तत्त्व मला मान्य आहे. ती जागा परत मागायला मी आलेलो नाही आणि आमच्या घरातले कोणी येणारही नाही. पण मग विचारायचे कोणी? विश्वस्त स्वतःविरुद्ध विचारणार नाहीत. लाभार्थी म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या मुली, आणि आपल्यासाठी कोणी काही ठेवले आहे हेच त्यांना ठाऊक नाही, कारण आपण ते कधी सांगितले नाही. उरली मेंढरे. म्हणजे कागदावर धर्मादाय असलेला, कायद्याचे सगळे संरक्षण असलेला न्यास आपण व्यवहारात त्या गाईच्या न्यासासारखाच करून टाकला आहे : पाळला तर पाळला, नाही तर विचारणारा कोणी नाही. फरक इतकाच की तेव्हा पोस्टमास्तर होते.

धर्मादाय न्यासाला विचारणारा नाही असे होऊ नये म्हणूनच इंग्लंडात राजाच्या वतीने तेथील महान्यायवादी (अ‍ॅटर्नी जनरल) उभा राहतो आणि आपल्याकडे १९५० पासून धर्मादाय आयुक्तांचे पद आहे. विश्वस्त सातत्याने कर्तव्यात कसूर करीत असतील, विश्वासघात किंवा मालमत्तेचा गैरव्यवहार झाला असेल, तर कलम ४१ड खाली आयुक्त स्वतःहूनही कारवाई करू शकतात. तिथवर जाण्याची माझी इच्छा नाही, कारण अशा प्रकरणांत वर्षे जातात आणि तोवर दहावीची मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली असते.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. हौद पाडण्याचा ठराव मागे घ्यावा, पोती काढावीत आणि नळ जोडून द्यावा. यासाठी आठ दिवस पुरेसे आहेत. आत्याच्या निधीची मूळ रक्कम, ती वळवली त्या दिवसापासूनच्या व्याजासह, इमारत निधीतून परत काढून तिच्या नावाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी आणि पुढच्या ३१ मार्चच्या ताळेबंदात ती ओळ पुन्हा दिसावी. निधी काय आहे, कोणासाठी आहे आणि अर्ज कोठे करायचा याची पाटी शाळेच्या दारात लावावी. गाळ्यांचे करार आणि भाडे सूचनाफलकावर लावावे व यापुढे गाळे जाहीर निविदा काढून द्यावेत. विश्वस्तांतील बदलांचे अर्ज, उशीर माफ करण्याच्या विनंतीसह, ताबडतोब दाखल करावेत, आणि तोपर्यंत ज्यांची नावे नोंदवहीत नाहीत त्यांनी ठरावांवर सह्या करू नयेत. आत्याचा हेतू आता चालत नाही असे आपले प्रामाणिक मत असेल, तर तसा अर्ज करून न्यायालयाचे निदेश मागावेत. त्या सुनावणीत मी आपल्या विरोधात उभा राहीनच असे नाही, आधी काय सुचवता ते ऐकेन.

वह्यांवर छायाचित्र छापू नये, ही मागणी नाही, विनंती आहे.

या पत्राची प्रत धर्मादाय कार्यालयाला आणि शाळेच्या पालक-शिक्षक संघाला दिली आहे. त्या संघातल्या दोन मातांनी, ज्यांच्या मुली नववीत आहेत, आपल्याकडे स्वतंत्र अर्ज करण्याचे ठरवले आहे. त्यांचा संबंध पोहोचतो. पोस्टमास्तरांची वही माझ्याकडे आहे, ज्या विश्वस्तांना पाहायची असेल त्यांनी कोणत्याही दिवशी संध्याकाळी घरी यावे.

कळावे,

आपला,
बाईंचा भाचा